फॉर्मवरचा दुसरा नंबर

तर झालं असं, की २०२४ च्या गणपतीत भाचा घरी आला होता. आरती झाली, मोदक झाले, आणि मी मागचं आवरत असताना त्याने मला ओट्यापाशी गाठलं. "आत्या, एका फॉर्मवर तुझा फोन नंबर टाकू का?"

बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला असा प्रश्न विचारायचा नसतो. फॉर्म कसला, जबाबदारी कुठली, जामीन तर राहायचं नाही ना, हे तीन प्रश्न माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले. जामीन नाही म्हणाला. पण एका अर्थाने ते जामीन राहणंच होतं, हे मला नंतर कळलं.

भाचा इंग्लंडमध्ये नोकरी करतो हे आमच्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्याने आणि त्याच्या तिथल्या मित्राने मिळून एक जुनी अडतीस फुटी शिडाची बोट घेतली आहे, हेही ठाऊक आहे (वहिनीचा 'आता याला मुलगी कोण देणार' हा फोन कुणाला आला नसेल तर कळवा). त्या बोटीतून आणखी एकाला घेऊन तिघांनी अटलांटिक ओलांडायचा असा बेत होता. कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून निघायचं आणि पलीकडे सेंट लुशियाला पोचायचं. अंतर साधारण २७०० सागरी मैल, वेळ तीन आठवडे. नोव्हेंबर संपता संपता निघतात, कारण तोवर पलीकडचा चक्रीवादळांचा हंगाम सरत आलेला असतो आणि पाठीमागून ढकलत नेणारे व्यापारी वारे स्थिरावू लागतात. कोलंबसही कॅनरी बेटांवरूनच याच वाऱ्यांवर गेला होता.

फॉर्म होता तो बोटीवरच्या एका यंत्राचा. त्याला 'ईपर्ब' म्हणतात. साधारण छोट्या थर्मासएवढं, पिवळंधमक. बोट बुडायला लागली की बटण दाबायचं. दाबायला कुणी उरलं नाही तरीही, बोट काही मीटर खाली गेली की पाण्याच्या दाबाने त्याची कडी सुटते, ते वर येऊन तरंगतं आणि आपोआप चालू होतं. मग निदान ४८ तास ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक मारत राहतं. हे उपग्रहांचं जाळं, कोस्पास-सारसॅट, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी १९७९ साली, म्हणजे ऐन शीतयुद्धात, एकत्र येऊन सुरू केलं. १९८२ मध्ये त्यातून पहिल्यांदा माणसं वाचली ती कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली तिघं, आणि त्यांची हाक ऐकली होती सोव्हिएत उपग्रहाने. आपल्याकडे या जाळ्याचं केंद्र बंगळुरूला इस्रोत आहे. हे वाचून मला उगीचच जरा बरं वाटलं.

पण यंत्र हाक मारतं ती फक्त एका क्रमांकाने. त्या क्रमांकामागे कोण आहे ते नोंदणीच्या फॉर्मवर असतं. बोटीचं नाव, रंग, लांबी, तराफा आहे का, आणि किनाऱ्यावर कुणाला विचारायचं. हाक आली की बचाव केंद्र आधी त्या माणसाला फोन लावतं. कारण बहुतांश हाका खोट्या निघतात. कुणाचा पाय लागला, कुणी धुताना बटण दाबलं, कुणी जुनं यंत्र तसंच कचऱ्यात टाकलं. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने सांगायचं असतं, की हो, बोट खरोखर समुद्रात आहे, तीन माणसं आहेत, एकाला दमा आहे, तराफा चार जणांचा आहे.

"म्हणजे रात्री अडीचला फोन वाजला तर तू शुद्धीवर असायला हवीस," भाचा म्हणाला.

"मग मीच का? आईबाबांचा नंबर दे की."

"आई आधी रडेल. बाबा आधी मला शिव्या घालतील. तू आधी विचारशील, आपण कोण बोलताय?"

यावर काय बोलणार! फॉर्मवर पहिला नंबर त्याच्या मित्राच्या वडिलांचा होता. ते इंग्लंडमध्येच असतात, वय शहात्तर, जुने दर्यावर्दी. दुसरा नंबर माझा.

आता सही करण्याआधी कागद वाचायचे ही माझी जुनी खोड. म्हटलं, मी जामीन राहते आहे तर तारण काय आहे ते मला बघू दे. मग दोन दिवस त्याने मला लॅपटॉपवर एकेक वस्तू दाखवली आणि मी बँकेच्या तपासनिसासारखी शंका काढत बसले.

लाइफजॅकेट घेतलं? घेतलं. पण नुसतं घेऊन चालत नाही. पाण्यात पडल्यावर ते आपोआप फुगतं ते आतल्या वायूच्या छोट्या नळकांड्यामुळे, आणि बोटीच्या हादऱ्यांनी ते नळकांडं आट्यांतून सैल होतं. म्हणून दर थोड्या दिवसांनी हाताने पिळून बघायचं. शिवाय मांड्यांमधून घ्यायचा एक पट्टा असतो. तो अडचणीचा वाटतो म्हणून लोक लावत नाहीत. भाच्याने तिकडे पोहण्याच्या तलावात कपड्यांसकट उडी मारून शिक्षण घेतलं होतं, तेव्हा मुद्दाम तो पट्टा न लावता पाहिलं. जॅकेट फुगून कानांच्या वर गेलं आणि हा खालून निसटायला लागला. "तेव्हापासून तो पट्टा अडचणीचा वाटत नाही," म्हणाला.

पण जॅकेटपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पडायचंच नाही. डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी मजबूत पट्टे ताणून बांधलेले असतात. अंगातल्या हार्नेसची दोरी त्या पट्ट्याला अडकवायची आणि मगच पाऊल टाकायचं. याचं कारण मी कागदावर आकडेमोड करून काढलं. बोट सहा नॉट वेगाने चालली असेल तर सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. एक मिनिटात १८५ मीटर. शिडाची बोट काही ब्रेक दाबून थांबत नाही. तीन मिनिटांनी परत वळलात तर अर्ध्या किलोमीटरपलीकडे, लाटांमध्ये, नारळाएवढं एक डोकं शोधायचं. म्हणून कुणी पडलं तर एकाने दुसरं काहीच करायचं नसतं, फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं आणि नजर हलवायची नाही. आणि पाळी असते ती रात्रीची एकट्याची. बाकीचे दोघे खाली झोपलेले. बोट कोण दाखवणार?

एरिक ताबार्ली हे फ्रान्समधलं शिडाच्या बोटींचं सगळ्यात मोठं नाव. दोनदा एकट्याने अटलांटिकची शर्यत जिंकलेला माणूस. १९९८ च्या जूनमध्ये रात्री आयरिश समुद्रात शिडाचं काम चालू असताना आपल्याच बोटीवरून पडला. अंगाला पट्टा नव्हता. ज्याला सगळं येत होतं तो एवढ्यावरून गेला. ही गोष्ट ऐकल्यावर मी भाच्याकडून वदवून घेतलं, की अंधार पडला की पट्टा लावायचा, वारा असो नसो, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय एकट्याने डेकच्या पुढच्या टोकाला जायचं नाही. तो हसला. म्हणाला, "आत्या, हा नियम आम्ही आधीच लिहिला आहे." आणि लॅपटॉपवर तो कागद उघडून दाखवला.

माझी सगळ्यात जास्त भिस्त होती ती तराफ्यावर, म्हणजे लाइफराफ्टवर. डब्यात घडी घातलेला असतो, दोरी ओढली की फुगतो, वर छत असतं. मला वाटलं, काही झालं की पटकन त्यात बसायचं, झालं! भाचा म्हणाला, "नेमकं हेच करायचं नसतं." आणि त्याने १९७९ च्या फास्टनेट शर्यतीची गोष्ट सांगितली. त्या ऑगस्टमध्ये ३०३ बोटी इंग्लंडहून आयर्लंडच्या टोकाकडे निघाल्या आणि वादळात सापडल्या. शर्यतीतले पंधरा जण गेले. चोवीस बोटी माणसांनी सोडून दिल्या, आणि त्यांतल्या बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. तराफ्यात गेलेल्यांपैकी काही जण मात्र वाचले नव्हते. तेव्हापासून दर्यावर्दी लोक सांगतात, की तराफ्यात वर चढून जायचं असतं. म्हणजे बोट इतकी खाली गेलेली हवी, की तराफा तिच्यापेक्षा उंच आहे.

पण याची दुसरी बाजूही आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात, जगप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, टापिओ लेहतिनेन या फिनलंडच्या साठी ओलांडलेल्या गृहस्थांना दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला झोपेतून जाग आली ती एका मोठ्या आवाजाने. काही मिनिटांत बोट गेली. त्यांना काय हवं ते शोधायला वेळच नव्हता. थंडीपासून वाचवणारा पोशाख आणि तराफा हाताशी होता, म्हणून ते वाचले. दुसऱ्या दिवशी त्याच शर्यतीतल्या कर्स्टन नॉयशेफर यांनी वाट वाकडी करून त्यांना उचललं. (पुढे ती शर्यत जिंकल्याही त्याच.)

म्हणजे थांबायचंही असतं आणि निघायचंही असतं. कधी काय, हे घाबरलेल्या डोक्याला ठरवता येत नाही. म्हणून ते आधीच, जमिनीवर, पोट भरलेलं असताना ठरवून लिहून ठेवायचं. भाच्याच्या कागदावर वाक्यं तशीच होती. पाणी आत आलं तर कुणी पंप मारायचा, कुणी भोक शोधायचं. बोटीच्या तळाला जिथे जिथे नळासाठी भोकं असतात तिथे प्रत्येक ठिकाणी त्याच मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवलेलं, कारण अंधारात माप शोधत बसायला वेळ नसतो. डोलकाठी मोडली तर तारा तोडायला बोल्ट कटर कुठे आहे. आणि सगळ्यांत शेवटी उचलायची पिशवी. तिच्यात पाणी, दारूच्या कांड्या (दिवाळीच्या नव्हेत, संकटात पेटवायच्या), हातातला रेडिओ, सॅटेलाइट फोन, उलटीच्या गोळ्या, पासपोर्ट आणि एक जादा चष्मा. चष्मा माझी सूचना. माझं नाव त्या मोहिमेच्या इतिहासात लागलंच तर तेवढ्यासाठी लागेल.

पिशवी कुठे ठेवली आहेस, हे मात्र मी तीनदा विचारलं. त्याला कारण अभिलाष टॉमी. आपल्या नौदलाचा हा अधिकारी २०१३ साली म्हादेई या गोव्यात बांधलेल्या बोटीतून एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करून मुंबईला परत आला होता. २०१८ च्या गोल्डन ग्लोबमध्ये तो गोव्यातच बांधलेल्या 'तुरिया' या छोट्या बोटीतून उतरला. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंद महासागरात वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली आणि त्याचा पाठीचा कणा दुखावला. उठता येत नव्हतं. आणीबाणीच्या पिशवीत जादा सॅटेलाइट फोन होता, रेडिओ होता. पिशवी त्याच बोटीत होती. पण त्याच्या हाताला लागत नव्हती. जवळच्या संदेशयंत्रावर तो थोडेथोडे शब्द पाठवू शकला आणि ईपर्ब चालू होता. नौदलाचं विमान मॉरिशसहून जाऊन त्याची बोट शोधून आलं आणि २४ तारखेला ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्याला स्ट्रेचरवरून उचललं. एवढा तयारीचा माणूस, सगळं सामान बरोबर, आणि मधे अंतर काही पावलांचं! (२०२३ साली हाच माणूस त्याच शर्यतीत दुसरा आला, हेही सांगायला हवं. कण्यात सळया घालून.)

तर पिशवी जिन्याच्या पायरीपाशी, आडवं पडलेल्या माणसालाही ओढता येईल अशी, हे माझं समाधान झाल्यावर मी होकार दिला. जाताना भाच्याने मला मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद दिला. तो मी फ्रिजवर लावला. वर मोठ्या अक्षरात बचाव केंद्राचा नंबर. खाली सूचना.

२४ नोव्हेंबरला ते निघाले. बोटीवर एक छोटा ट्रॅकर होता, तो दर चार तासांनी नकाशावर एक ठिपका टाकायचा. माझा दिवस त्या ठिपक्यांना बांधला गेला. सकाळचा चहा आणि ठिपका, दुपारचं जेवण आणि ठिपका. वहिनीला मी रोज सांगायचे, "आज शंभर मैल सरकले गं." अटलांटिकच्या मधोमध हेलिकॉप्टर पोचत नाही, तिथे जवळपासचं एखादं मालवाहू जहाज वळवतात, हे मात्र तिला सांगितलं नाही.

५ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाचा ठिपका आला. साडेदहाचा आला नाही. शुक्रवारी सकाळी नाही. दुपारी नाही. वहिनीला मी म्हटलं, "साइट बंद आहे." आयुष्यात फार कमी वेळा मी इतक्या सहज खोटं बोलले आहे.

शुक्रवारी रात्री बारा वाजता मी फ्रिजसमोर उभी होते. तीस तास झाले होते. हातात फोन होता आणि नंबरचे पहिले चार आकडे दाबून झाले होते. मग खालच्या ओळी वाचल्या.

"आत्या, नुसता ट्रॅकर बंद पडला तर ४८ तास काही करायचं नाही. ४८ तासांनी तुम्ही दोघांनी फोनवर बोलायचं. ७२ तासांनी केंद्राला कळवायचं. तुला आधीच फोन करावासा वाटेल. त्याआधी हा कागद पुन्हा वाच. ट्रॅकर म्हणजे ईपर्ब नाही."

मी ते चार आकडे पुसले आणि इंग्लंडला फोन लावला, म्हणजे नियम मोडलाच, पण अर्धा. तिकडे संध्याकाळ होती. मित्राच्या वडिलांनी पहिल्या घंटीला उचलला. शांत आवाजात म्हणाले, की ट्रॅकर हा आपल्या समाधानासाठी असतो, त्यांच्या सुरक्षेसाठी नव्हे. बोट बुडाली असती तर ईपर्ब बोलला असता आणि आपल्याला केंद्रानेच फोन केला असता. केंद्राला नुसतं कळवून ठेवलं तर तेही रागावत नाहीत, तुम्हाला अगदीच राहवत नसेल तर आत्ता कळवू. पण मुलांनी विचार करून ४८ लिहिले आहेत, अजून अठरा उरलेत. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काल झोपला होतात का?" मी नाही म्हटलं. "मग तुमचा निर्णय आज रात्री मी धरणार नाही," म्हणाले.

फोन ठेवल्यावर खरी रात्र सुरू झाली. कारण एक हिशोब मला आता येत होता, आणि तो त्यांनी बोलून दाखवला नव्हता. ईपर्ब गप्प आहे म्हणजे बोट ठीक आहे. तिघंही ठीक आहेत असं नाही. सेकंदाला तीन मीटर. एक मिनिटात १८५. प्रत्येकाच्या जॅकेटमध्ये स्वतंत्र छोटा बीकन आहे, तोही बोलला असता. पट्टा लावला असेल. अंधार पडला की लावायचा असं वदवून घेतलं आहे. मी देवाजवळ दिवा लावला, पण खरं सांगायचं तर जप केला तो त्या यादीचा. पट्टा, नळकांडं, बूच, पिशवी.

शनिवारी दुपारी अडीच वाजता मेसेज आला. "आत्या, ट्रॅकर मेला बहुतेक. दिवा हिरवा दिसत होता म्हणून कळलं नाही. हवामानासाठी सॅटफोन उघडला तर तुमचे निरोप दिसले. सगळे ठीक. काल मासा मिळाला." चव्वेचाळीस तास झाले होते. मासा मिळाला! मला त्या माशासकट त्याला चोपावंसं वाटलं. मग मी वहिनीला फोन करून "साइट चालू झाली" असं सांगितलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून थोडी रडले. आधी नाही, नंतर. म्हणजे फॉर्मची अट मोडली नाही.

बाविसाव्या दिवशी ते पोचले. त्या संध्याकाळी मित्राच्या वडिलांनी फोनवर कबूल केलं, की शुक्रवारची रात्र त्यांनीही खुर्चीतच काढली होती.

आता भाच्याच्या डोक्यात पॅसिफिक आहे. पुन्हा फॉर्म आला आहे, नंबर माझाच. मी हो म्हटलं, पण कागदात दोन दुरुस्त्या करून घेतल्या. एक, ट्रॅकरचा ठिपका खरंच उमटतो आहे का हे त्यांनी रोज सॅटफोनवरून विचारून घ्यायचं, हिरव्या दिव्यावर विसंबायचं नाही. आणि दुसरी मित्राच्या वडिलांनी सुचवली. बोटीवर जसं चार तास पहारा आणि चार तास झोप सक्तीची असते, तसं किनाऱ्यावरही हवं. तेव्हा नव्या कागदावर शेवटची ओळ भाच्याच्या अक्षरात अशी आहे: "या ४८ तासांत आत्याने दोन वेळा जेवायचं आणि आळीपाळीने झोपायचं. फोन उशाशी, आवाज मोठा."